अखाजीचा झोका आणि अडतीस सेकंद

असोदा, १४ मे १९८६

ती. नानांस शेवंताचा सा. न. वि. वि.

मंजुळा पोचली. शास्त्रात काठावर पास झाली म्हणून आठवीनंतर तिची शाळा बंद, हा तुमचा हुकूम तिने रडत सांगितला. स्वतःच्या वर्गातल्या स्वतःच्या लेकीला मठ्ठ म्हणणारा मास्तर धुळ्यात एकच असावा.

परवा अक्षय्य तृतीयेला, आपल्या अखाजीला, लिंबावर झोका बांधला होता. मी माझ्या चौथीच्या पोरी जमवल्या आणि मंजुळाकडे घड्याळ दिलं. जड माणसाचा झोका लवकर परत येणार, असं एकूणएक, बठ्ठ्या पोरींचं म्हणणं. शेजारची भिकुबाई बसली, तिचं वजन तुम्हाला ठाऊक आहे. दहा हेलकाव्यांना अडतीस सेकंद. मग एक हडकुळी पोर बसली, तरी अडतीसच. भिकुबाईच्या मते घड्याळच बिघडलेलं. दोर आखूड करून बघू, हे मंजुळाला आपणहून सुचलं. तेव्हा बत्तीस आले. ही मठ्ठ, तर हुशार कोण ते कळवा.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

शेवंता

धुळे, १९ मे १९८६

चि. शेवंतास आशीर्वाद.

पत्र वाचून करमणूक झाली. बावीस वर्षं शास्त्र शिकवतो आहे, पण कुणाला झोक्यावर बसवून नाही. झोका माहेरवाशिणींनी गाणी म्हणायला असतो. जड वस्तू जोराने खाली येते, हे तुमच्या म्हशींनाही कळतं. भिकुबाईचा झोका लवकर यायलाच हवा. आला नाही, म्हणजे मोजणारीला अंक येत नाहीत. चौथीच्या बाईंनी हायस्कूलच्या मास्तराला शिकवू नये. उचलली जीभ लावली टाळ्याला. मंजुळाला जूनमध्ये परत पाठव, घरकाम शिकेल.

तुझ्या जिभेवर नसला तरी तुझ्यावर लोभ आहे.

सुकदेव

असोदा, २५ मे १९८६

ती. नानांस मंजुळाचा शि. सा. नमस्कार.

आत्याने तुमचं पत्र मला वाचायला दिलं. लंबकाच्या हेलकाव्याचा वेळ त्याच्या वजनावर अवलंबून नसतो, हे वाक्य तुम्हीच आमच्याकडून दहादा म्हणवून घेतलं होतं. मला आठवलं नाही, तेव्हा दोन छड्या दिल्या. नाना, झोका म्हणजे लंबकच. मला तेव्हा वाक्य येत नव्हतं, तुम्हाला अजून झोका येत नाही.

मी परत येणार नाही. आत्या इथे नववीत नाव घालते आहे, शाळा सोडल्याचा दाखला पाठवा. खोटं वाटलं तर दोर बांधून मोजा.

आईला सांगा, मी वेळेवर जेवते.

मंजुळा

धुळे, ३ जून १९८६

चि. मंजुळास आशीर्वाद.

रविवारी अंगणात दोर बांधला. आधी तुझी आई बसली, मग मी. शेजारी हसले, त्या अडाण्यांना काय कळतं म्हणा. तीनदा मोजलं, वेळ सारखाच आला. बावीस वर्षं एक वाक्य फळ्यावर लिहीत आलो आणि ते एकदाही तपासलं नाही, याची लाज वाटते. तुला मारलं त्याची जास्त वाटते.

दाखला सोबत आहे. प्रगतीच्या रकान्यात कारकुनाने 'साधारण' लिहिलं होतं. मुख्याध्यापकांसमोर उभं राहून ते खोडायला लावलं आणि 'उत्तम' लिहून घेतलं. खाली वर्गशिक्षक म्हणून सही माझी आहे.

शेवंताला हे पत्र दाखवू नकोस, डोक्यावर बसेल. लोभ ठेवायचा की नाही, ते आता तू ठरव.

नाना