आप्पांची जीप आणि माझी बस

प्रिय धम्मपाल,

सप्रेम जयभीम. तुझी पाठ आता कशी आहे? (मी सांगितलेला शेक घेतला नसशीलच.) फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस, म्हणून हे सगळं कागदावर लिहितेय.

गेल्या आठवड्यात अकरावीला गुरुत्वाकर्षण शिकवत होते. दगड जमिनीकडे पडतो तेव्हा जमीनही दगडाकडे पडत असते, फक्त ती इतकी जड की तिचं सरकणं कुणाला दिसत नाही, असं म्हटलं. तर तेजस्विनी नावाची मुलगी विचारते, आधी कोण हलतं? दोघं एकदमच, असं मी म्हटलं आणि बेल झाली.

रविवारी मी आप्पांना आणायला सिन्नरला निघाले. आई गेल्यापासून त्यांचं पालुपद तुला ठाऊक आहे, की नाशकात जीव रमत नाय. माझंही ठरलेलं, की नोकरी सोडून तिकडे येता येत नाही. (बघणाऱ्याला वाटावं, या बापलेकींना एकमेकांची ओढच नाही.) पोचले तर दाराला कुलूप. फोन लावला, तो आतच वाजायला लागला. ओट्यावर बसून राहिले. तेवढ्यात माझ्या शेजारच्या वत्सलाबाईंचा फोन आला, की तुमचे वडील इथे जिन्यात बसलेत, पिशवीभर मेथी घेऊन. त्यांना हलू देऊ नका म्हटलं आणि बस पकडली. तिकडे त्या चहा टाकायला आत गेल्या आणि आप्पा, लेक उन्हात ताटकळतेय म्हणून, जीप गाठायला निघून गेले.

हे कळलं तेव्हा माझी बस शिंदे गावात आली होती. उतरले, रस्ता ओलांडला आणि नाशिककडून येणारी प्रत्येक जीप हात करून थांबवू लागले. (ड्रायव्हर काय बोलले ते लिहीत नाही.) शेवटी एका जीपच्या मागच्या बाकावर आप्पा दिसले, दोन धिप्पाड माणसांमध्ये अंग चोरून, मेथी मांडीवर.

रागवायचं पक्कं होतं. पण उतरवताना त्यांचं मनगट हातात आलं आणि मी नुसती मेथीची पिशवी त्यांच्याकडून घेतली. वर्गात मीच सांगते, दोघांतलं हलकं असेल ते जास्त सरकतं. आप्पा इतके हलके कधी झाले, मला कळलंच नाही.

टपरीवर चहा घेताना विचारलं, न सांगता का निघालात?

“तू बोलवायचीस तवा राग यायचा,” ते म्हणाले. “या महिन्यात बोलावलंच नाय. मग राहवंना.”

नाशिकची जीप आधी आली म्हणून आम्ही नाशिकला आलो. सिन्नरची आली असती तर हे पत्र तिथून लिहिलं असतं.

तुझी ताई,
संजना

ता. क. : आप्पांनी पत्र वाचायला लावलं. हलका-बिलका खोड म्हणाले. खोडलेलं नाही.

ता. क. आणखी एक : एवढं लिहिण्याचं कारण असं की पुण्याहून तू कधी निघतोस? आप्पा म्हणताहेत, त्याला कामं असतील, येऊ नको म्हणून लिही. लिहिलं. ते कसं म्हणाले, ते मात्र कागदावर उतरवता येत नाही.