ज्या सिनेमाला तुम्ही मार्क दिले नाहीत

अब्बा,

काल नातीनं मोबाईलवर एका सिनेमाला पाचपैकी साडेतीन तारे दिले आणि खाली चार ओळी खरडल्या. मी विचारलं, हे वाचतं कोण? ती म्हणाली, "सगळे वाचतात नानी. वाचूनच ठरवतात, जायचं का नाही." मला हसू आलं. मग रात्रभर तुमची फळी डोळ्यांपुढून हलली नाही, म्हणून सकाळी हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता माझं वय तुमच्या शेवटच्या वयापेक्षा जास्त आहे.

भोरच्या बाजारातलं आपलं दुकान म्हणजे एक मशीन, एक कापायचं टेबल आणि दाराशी टांगलेली काळी फळी. कुणाचे कपडे तयार आहेत ते लिहायला ती लावली होती, पण लोक वाचायचे ते वेगळ्याच कारणासाठी. शुक्रवारी थिएटरात नवा सिनेमा लागला की तुम्ही मशीनवर कापड टाकायचात, तीनच्या खेळाला जायचात आणि सहा वाजता परत येऊन कापडावर खुणा करायच्या खडूनं फळीवर सिनेमाचं नाव आणि दहापैकी मार्क लिहायचात. शेजारचा सायकलवाला पंक्चर काढता काढता मान वर करायचा. "मास्तर, चारच? आवो गानी आठ मार्काची हायेत." तुम्ही सुईत दोरा ओवत म्हणायचात, "गानी म्हंजी बटनं. बटनं चांगली म्हनून सदरा चांगला व्हतो का? कटिंगच चुकलंय त्याचं." एखाद्या देखण्या नटाबद्दल म्हणायचात, "नुसती इस्तरी हाय, आत अस्तर न्हाई." मी कोपऱ्यात काज-बटणं करत ऐकायची. एकोणीस वर्षांची होते, आणि या गावात माझ्या बापाच्या शब्दावर लोक थिएटरात जातात किंवा जात नाहीत याचा मला फार अभिमान होता.

अम्मी मंगळवारी बायकांबरोबर जायची. ती आली की तुमच्या आकड्याखाली बारीक अक्षरात तिचा आकडा पडायचा, आणि तो हमखास दोनानं जास्त असायचा. तुम्ही चिडवलंत की म्हणायची, "येवढं रडले, मेले, पावसात भिजले बिचारे. दोन मार्क जास्ती दिले तर काय बिगाडलं?" मग एका आषाढात तिला ताप आला आणि बाराव्या दिवशी ती गेली. त्यानंतरही शुक्रवारी तुम्ही फळीवर आकडा लिहायचात, पण खाली एका ओळीची जागा मोकळी ठेवायचात. तुम्ही ती मुद्दाम ठेवत होतात की हाताला सवय झाली होती, हे मी कधी विचारलं नाही.

चाळिसावा दिवस झाल्यावर तुमच्या बहिणीनं, फुफीनं अम्मीचे कपडे बाहेर काढले. घरात ठेवू नका, कुणा गरजवंताला द्या, म्हणाली. दिवाळीआधी आठ दिवस तुम्ही मशीन घेऊन वेल्ह्याच्या बाजूला शिवणाला जायचात, अम्मीही बरोबर असायची, आणि तिथली एक बाई अम्मीची जिवलग झाली होती. मीच एसटीनं जाऊन गाठोडं तिला देऊन आले. त्यात ते चौकड्यांचं पोलकं होतं. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या ईदेला तुम्ही ते शिवलं होतं, कापड कमी पडलं म्हणून डाव्या काखेत आडव्या चौकड्यांचा तिरका तुकडा जोडला होता. अम्मी हसून सगळ्यांना दाखवायची, बघा, मास्तरच्या बायकोला ठिगळ. आणि तुम्ही दर वेळी खाली मान घालायचात. पुढं ती अंगानं सुटली, तसं तुम्ही ते दोनदा उसवून सैल केलंत, पण ते ठिगळ तिनं बदलू दिलं नाही.

त्या हिवाळ्यात वेल्ह्याकडं सिनेमावाले आले. जत्रेचा प्रसंग घ्यायचा होता, त्यासाठी आसपासच्या बायकामाणसांना उभं केलं. पुढच्या वर्षी तो सिनेमा भोरला लागला, तेव्हा आपल्या थिएटरनं कधी पाहिली नव्हती अशी गर्दी झाली. मावळातली माणसं ट्रकमधून स्वतःला बघायला यायची. पडद्यावर जत्रा आली की ओरडा व्हायचा, "आरं ती बग आपली म्हातारी," "माजा बैल बग." एरवी आठवड्यात जाणारा सिनेमा दोन आठवडे चालला.

पहिल्या शुक्रवारी तुम्ही परत आलात आणि फळीला हात लावला नाहीत. सायकलवाल्यानं विचारलं, "मास्तर, किती?" तुम्ही म्हणालात, "उद्या सांगतो." शनिवारी पुन्हा तीनला गेलात. पुन्हा "उद्या." सोमवारी सायकलवाला स्वतःच बघून आला आणि दारातून म्हणाला, "दोन मार्काचा हाय. त्यातबी एक बैलांना." तुम्ही हसला नाहीत. तुम्ही शाळेच्या एका सदऱ्याची बाही उलटी जोडली होती आणि ते तुमच्या लक्षात आलं नव्हतं. मी ती उसवली. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारीही तुम्ही गेलात. कपडे न्यायला आलेली माणसं बंद मशीन बघून परत जात होती. जेवताना घास हातात धरून तुम्ही भिंतीकडं बघत बसायचात.

दुसऱ्या शुक्रवारी तुम्ही मला म्हणालात, "चल माज्यासंगं." मी बायकांच्या बाजूला बसले, तुम्ही पुरुषांच्या. सिनेमा खरंच वाईट होता. मग जत्रा आली. नायिका बांगड्या भरायला बसते, तिच्या मागं बायकांचा घोळका आहे. सगळ्या कॅमेऱ्याकडं बघत एकमेकींना कोपरं मारतायत. त्यांच्यात एकच बाई पाठमोरी उभी आहे, अजिबात हलत नाही. डाव्या पायावर भार आणि कमरेवर उलटा टेकवलेला हात. अम्मी तशी उभी राहायची, दूध उतू जाईपर्यंत चुलीजवळ तशीच. मग त्या बाईनं पदर सावरायला हात उचलला आणि काखेतला तो तिरका तुकडा दिसला. रंग नसला तरी आडव्या चौकड्या साफ दिसत होत्या. आजूबाजूच्या बायका हसत, ओरडत होत्या.

परतताना नदीवरच्या पुलावर तुम्ही थांबलात. ऊन अजून चांगलंच होतं, खाली बायका वाळलेली धुणी गोळा करत होत्या. तुम्ही विचारलंत, "दिसली?"

मी म्हटलं, "कोन?"

तुम्ही पाण्याकडं बघत हळू म्हणालात, "पैल्या दिशी नुसती पाठ व्हती. मंगळवारी कान दिसला, कानातली तिची बाळी दिसली. आज गालाची कड दिसली. ती वळतीया."

"सिनेमा रोज तोच असतो, अब्बा. फिल्म तीच असती."

"मला म्हाईत हाय ती गोष्ट. म्हनून तर भ्यालोय." आणि कठड्यावर हात टेकून, "पर तिला वळू दिली पायजे. ती हाक मारंल. हाक मारली की म्या जानार."

ते तुम्ही इतक्या साध्या आवाजात बोललात, जसं कुणी शेजारच्या गावाला जायचं म्हणतं. मला तुमची भीती वाटली नाही. तुम्ही खरंच जाल, याची वाटली. घरात तुम्ही आणि मी एवढेच उरलो होतो, आणि तुम्ही गेलात तर मी कुणाची, असा स्वार्थी विचारही मनात आला होता. तोही इथं लिहिते.

सोमवारी मी तुम्हाला फुफीकडं जाते असं सांगितलं आणि नसरापूरला एसटी बदलून वेल्ह्याला गेले. ती बाई अंगणात भात पाखडत होती. मला बघून उठली, पाणी दिलं, तोंडावरून हात फिरवला. मी विचारलं, "मावशी, सिनेमावाले आले तवा तुमी अम्मीचं पोलकं घातलं हुतं का?"

"व्हय. चांगलं येकच व्हतं त्ये. बांगडीवालीच्या मागं मलाच उबी केली व्हती."

माझ्या अंगावरचं ओझंच उतरलं. म्हणजे हीच. अंगानं दोघी सारख्याच होत्या, पोलकं तर तेच. मला रडू आलं, हसूही आलं. मी म्हटलं, "मंग पडद्यावर तुमीच हाय की."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आमी बी गेलतो भोरला, टरकात बसून. समद्या आपापल्या दिसल्या. म्या मलाच हुडकत व्हते. माज्या जागंवर दुसरीच बाई उबी हाय, पोरी. आमचं धनी बी म्हनलं, ही तू न्हवं. माज्या कानात कवा बाळ्या व्हत्या?" तिनं केस मागं सारून कान दाखवले. दोन्ही भोकं बुजलेली होती. "म्या कुनाला बोलले न्हाई. तुला बी बोलनार नव्हते."

मग ती आत गेली आणि घडी घातलेलं पोलकं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "ह्ये घिऊन जा. म्या न्हाई घालनार आता."

परतीच्या एसटीत ते पोलकं मांडीवर होतं आणि मी त्याला हात लावत नव्हते. कामथडीच्या पुढं येईपर्यंत मी ठरवलं, तुम्हाला काय सांगायचं ते. घरी आले, तुम्ही तीनच्या खेळाहून परत येऊन बाजेवर बसला होता. मी पोलकं तुमच्या हातात दिलं. म्हटलं, "अब्बा, त्या मावशीनं घातलं हुतं. सिनेमात तीच हाय. मी तिच्या तोंडून ऐकून आले."

तुम्ही काखेतल्या त्या तुकड्यावरून अंगठा फिरवलात. शिवण कुठं सुटलीय का ते बघावं तसा, पुन्हा पुन्हा. "तीच म्हनली?"

"व्हय. तीच म्हनली."

"बाळ्या?"

"हायेत तिला बाळ्या," मी म्हटलं.

तुमचा चेहरा एकदम म्हातारा झाला. तुम्ही सुटल्यासारखे दिसाल असं मला वाटलं होतं. तुम्ही दिसलात ते कुणीतरी दुसऱ्यांदा गेल्यासारखे. दुसऱ्या दिवशी तीन वाजता तुम्ही मशीन चालवत होता, बुधवारीही. मी खूश होते अब्बा. तुम्ही वाचलात असं मला वाटत होतं. सायकलवाल्यानं शेवटी विचारणं सोडून दिलं. पुढच्या शुक्रवारी नवा सिनेमा लागला तेव्हा तुम्ही गेला नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. महिन्याभरानं फळीवर पुन्हा तयार कपड्यांची नावं आली. बाजारातले लोक काही दिवस हळहळले, मग दुसऱ्या कुणाकुणाला विचारायला लागले. तुम्ही त्यानंतर अकरा वर्षं जगलात आणि एकदाही थिएटरात पाऊल टाकलं नाहीत. जावई तुम्हाला पुण्याला मोठ्या पडद्यावर सिनेमा दाखवायला न्यायचं म्हणत होता, तुम्ही म्हणालात, "डोळं दुखतात." डोळे शेवटपर्यंत चांगले होते तुमचे. सुई तुम्हीच ओवायचात.

हे पत्र मी कुठं नेऊन देणार? कबरस्तानात आमच्या बायका जात नाहीत, आणि गेले असते तरी हे तिथं वाचायचं धाडस मला झालं नसतं. लिहून झालं की फाडून टाकेन, म्हणून खरं ते लिहिते.

त्या सिनेमाचा शेवटचा खेळ गुरुवारी तीनला होता. तुम्ही दुकानात पँटीला पट्टी लावत होता. हूक आणायला जाते सांगून मी थिएटरात गेले. गर्दी ओसरली होती, बायकांच्या बाजूला मी आणि एक म्हातारी, ती झोपलेली. मला खात्री करून घ्यायची होती, की मी बोलले ते खोटं नव्हतं, ती फक्त पाठमोरी एक बाई आहे.

जत्रा आली. ती पूर्ण वळली, अब्बा. अम्मीच होती. आजारात खंगलेली नाही, पूर्वीची. दुकानाच्या दारात येऊन गिऱ्हाइकांमध्ये तुम्हाला शोधायची, तसं तिनं पुरुषांच्या बाजूला पाहिलं. एक एक खुर्ची पाहत गेली. बांगड्या भरून झाल्या, नायिका उठली, आजूबाजूच्या बायका हलल्या, तरी ती बघतच होती. मग तिनं नजर आमच्या बाजूला वळवली.

मी पदर तोंडावर ओढून घेतला आणि खेळ संपेपर्यंत काढला नाही. ती तुम्हाला शोधायला आली होती, आणि निदान मी तरी आले आहे एवढंही मी तिला कळू दिलं नाही.