खाडीचं सारवण

१० नोव्हेंबर, एरंडोल

आलो बुवा एकदाचा! म्हाताऱ्याला नोकरी म्हणजे पुन्हा शाळेचा पहिला दिवसच. हेमांगी माझी पहूरच्या शाळेतली विद्यार्थिनी. तिच्या प्रयोगशाळेत खाड्यांचा, समुद्रतळाचा गाळ येतो. तो चाळणीवर धुवायचा, त्यातल्या अळ्या, शिंपले चिमट्यानं वेचायचे आणि त्यांचे पाच गट पाडायचे. घाण मुळीच न सोसणारे पहिल्यात, घाणीवरच पोसणारे पाचव्यात. कोणत्या गटाचे जीव किती, यावरून समुद्राची तब्येत कळते. वृत्तांचे गण पाडण्यात हयात गेली, हे काय अवघड? आयुष्यभर कवितेतला समुद्र शिकवला, पाहिला मात्र कधीच नाही. आता तोच बादलीत बसून खानदेशात आला आहे. राहायला मागच्या दोन खोल्या, पुढे मातीचं अंगण, चिमण्यांचा गलका. माझी बायको प्रमिला खूश.

१४ नोव्हेंबर

आज पाचव्या गटातली अळी पाहिली. केसासारखी बारीक, लालभडक. हेमांगी सांगत होती, की ती कोणाला मारत नाही. नाजूक जीव मेले, की त्यांच्या रिकाम्या जागेत येते.

धुऊन उरलेला गाळ पिंपात बंद करायचा, असा इथला नियम. प्रमिलेनं त्यात हात घालून पाहिला. "मास्तर, हाई माटी नही, लोणी शे लोणी. फेकू नका." शेण मिळत नव्हतंच. तिनं त्या गाळानंच अंगण सारवलं, बादल्या मी वाहिल्या. काळ्याभोर अंगणावर रांगोळी काय खुलली म्हणता!

१९ नोव्हेंबर

सारवण वाळत नाही. सकाळी ओलं, दुपारी सुकतं, संध्याकाळी पुन्हा ओलं. भरती-ओहोटी गं, म्हणालो. ती म्हणाली, "मास्तरले बठ्ठामा कविताच दिसस." दिसणारच सगळ्यात कविता, जन्मभर तीच शिकवली.

मुंग्यांची रांग कुठं दिसत नाही. तुळशीनं मान टाकली.

२३ नोव्हेंबर

चिमण्या येत नाहीत. पाली गेल्या. शेजाऱ्यांची कोंबडी अंगणात आली, मध्येच बसली, ती उठलीच नाही. तिला पुरून आलो.

हे आमच्या गटांच्या क्रमानंच चाललं आहे. आधी नाजूक, मग जरा चिवट.

प्रमिलेला दम लागतो. म्हणते, थंडी बाधली. दवाखान्यात चल म्हटलं, तर उद्या पाहू म्हणाली.

२४ नोव्हेंबर

खुरप्यानं सारवण खरवडलं. खाली गाळ. त्याच्याखाली गाळच. कोपरापर्यंत हात गेला, जमीन लागली नाही.

कोंबडी बसली होती तिथं लाल अळ्या. तेवढ्याच जागेत. दुसरीकडे एकही नाही.

प्रमिला खाटेवरून उठत नाही.

२५ नोव्हेंबर

हेमांगीला फोन केला. आली ती फाटकाशीच थबकली. म्हणाली, "सर, काकूंना घेऊन आत्ता बाहेर या."

प्रमिलेला उचललं. रिकाम्या शिंपल्यासारखी हलकी. अंगणात दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतलो. कसाबसा मागे फिरलो. हेमांगी फळ्या आणि माणसं आणायला गेली —

दुपार

अंगण लाल झालं. हलतं आहे. उंबरा ओलांडून आत —

अळ्या माझ्या पायांवरून गेल्या. चावत नाहीत. खाटेकडे मात्र जात नाहीत. खाटेभोवती कोरी जमीन.

जात नाहीत म्हणजे ती आहे. तिचा श्वास मला ऐकू येत नाही, पण त्या जात नाहीत —

न जावोत.

नंतर

प्रमिला, बोल काहीतरी. मास्तर म्हण —

बाहेर फळ्या टाकताहेत. हेमांगी हाका मारते. आलेच. आलेच आता —

उशीवर लाल काहीतरी. लुगड्याचा काठ उसवला असेल. तिचा काठ लालच आहे. दोरा आहे. दोराच. चिमटीत धरून ओढतो आहे, तो संपत नाही, तिच्या ओठांतून