नवी बॅटरी उतरतच नाही

२ मार्च, सोमवार
निश्चय झाला. हिच्या आईस्क्रीमच्या व्हॅनला दुसरी बॅटरी मी स्वतः बसवणार. २१ तारखेला शाळेचा स्पोर्ट्स डे, तीनशे कपांची ऑर्डर. आवारात इंजिन चालू ठेवायचं नाही, असं मुख्याध्यापिका बाईंनी बजावलंय. म्हणजे गाडी बंद, फ्रीजर चालू. हे नीट पार पडलं तर वर्षभराचं काम हिलाच मिळणार. तीन वर्षं ही याच संधीची वाट बघतेय.
मेहुणा म्हणाला, मी करून देतो. तो गॅरेजमध्ये वायरमन आहे, मान्य. पण मी घरात धडधाकट असताना हिच्या धाकट्या भावापुढे हात पसरायचे? शोभत नाही.

५ मार्च, गुरुवार
नऊ व्हिडिओ पाहिले. विषय एकदम सोपा. इंजिन चालू असलं की आयसोलेटर दोन्ही बॅटऱ्या जोडतो, दोन्ही चार्ज होतात. इंजिन बंद झालं की दोघींना वेगळं करतो. फ्रीजर नवीवर चालतो, जुनी गाडी स्टार्ट करायला राखीव. असा एक आयसोलेटर आमच्यात आणि हिच्या माहेरच्यांत बसवायला हवा होता. हे हिला ऐकवलं. हसली नाही.

८ मार्च, रविवार
सकाळी ८. अकरापर्यंत काम खलास करणार.
दुपारी २. एक नट इंजिनाखाली पडला. सापडत नाही.
संध्याकाळी ६. सापडला. माझ्याच खिशात होता. बाकी दिवस प्लॅनिंगमध्ये गेला. प्लॅनिंग महत्त्वाचं.
एक फ्यूज आणला, वायर सगळी लालच आणली. टापटीप दिसते. मेहुणा डोकावला आणि म्हणाला, भाऊजी, प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावा, नाहीतर घोळ होतो. मी म्हटलं, घोळ तुमच्या गॅरेजमध्ये होतात. माझं सगळं डोक्यात आहे.

१० मार्च, मंगळवार
फत्ते! स्विच दाबला, फ्रीजर गुरगुरायला लागला. नव्या बॅटरीवर छोटा निळा दिवाही बसवलाय, तो पण लागला. हिला बोलावून दाखवलं. दिवा छान आहे, म्हणाली. मेहुण्याला फोटो पाठवला. त्याने नुसता अंगठा पाठवला. जळतो.

१२ मार्च, गुरुवार
इंजिन बंद ठेवून फ्रीजर पाच तास चालवला. नव्या बॅटरीला मीटर लावला. फुल्ल! तसूभरही उतरली नाही. मालच तसा निवडलाय.
गाडी मात्र स्टार्ट होईना. जुनी बॅटरी म्हातारी झाली, दुसरं काय. शेजारच्या दोघांनी धक्का मारला. त्यांनाही मीटर दाखवला.

१५ मार्च, रविवार
पुन्हा टेस्ट. नवी फुल्ल. जुनीने पुन्हा मान टाकली.
ही म्हणाली, जी वापरतो ती भरलेली आणि जी वापरत नाही ती रिकामी, हे कसं काय? मी म्हटलं, त्यामागे सायन्स आहे, थोडक्यात सांगता येणार नाही. सविस्तरही सांगता आलं नसतं, पण तिने विचारलं नाही. भावाला एकदा दाखवू या का, म्हणाली. मी ताटावरून उठलो. तासाभराने परत बसलो. उपाशी राहून कोणाचं भलं झालंय?

१८ मार्च, बुधवार
जुनी बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करून आणली. आता काळजी नाही.
ही दोन दिवस उभ्याने कप भरतेय. मनगट सुजलंय. म्हणाली, सगळं तुमच्यावर टाकलंय हं. निर्धास्त राहा, म्हटलं. रात्री दोनदा उठून मीटर लावून आलो. चहा जास्त झाला असावा.

२१ मार्च, शनिवार
सकाळी ९. शाळेत पोचलो. इंजिन बंद, फ्रीजर झकास.
११. मुख्याध्यापिका बाईंना निळा दिवा दाखवला. प्रभावित झाल्या. निदान थांबल्या तरी.
दुपारी १.२०. बक्षीस समारंभ लांबलाय. पाहुणे बोलायचे थांबत नाहीत. फ्रीजर मात्र थांबला. नवी फुल्ल. दिवा चालू. काही कळेना.
१.४०. इंजिन चालू करून पाहिलं. नुसती टकटक. फ्रीजरला दोन थपडा मारल्या.
२.१०. कप मऊ पडतायत. हिने भावाला फोन केला. मला न विचारता.
संध्याकाळी ६. मेहुणा आला, बॉनेट उघडलं, बोटाने एकेक वायर चाचपत गेला. चार मिनिटं. फ्रीजर पहिल्या दिवसापासून जुन्या बॅटरीवरच होता. नवीवर होता फक्त निळा दिवा. त्याने एक वायर हलवली, फ्रीजर सुरू.
तोवर एकशे तीस कपांचं दूध झालं होतं. पोरं रांगेतून रिकाम्या हाताने परत गेली. ही व्हॅनमागे जाऊन रडली. मला फार वाईट वाटलं. लाज वाटली. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही.
निघताना मेहुणा हळूच म्हणाला, भाऊजी, ताईला मी सांगितलंय की फ्यूज खराब निघाला. पोरगा गुणी आहे.

२२ मार्च, रविवार
शांतपणे विचार केला. फ्यूज खरोखरच खराब होता. फ्यूजने दगा दिला म्हणून करंट भलत्या बॅटरीकडे वळला. माझी वायरिंग तशी बरोबरच होती. मेहुणा या धंद्यातला माणूस, तो उगाच कशाला म्हणेल?
हिला चित्र काढून समजावलं. दुकानदाराला तीन पानी तक्रार लिहिली. ‘आपल्या निकृष्ट फ्यूजमुळे एका कष्टाळू स्त्रीचं नुकसान झालं.’ मोठ्याने वाचून दाखवली. हिने सगळं ऐकून घेतलं. लिहिलंय चांगलं, म्हणाली.

२३ मार्च, सोमवार
ही सकाळीच मुख्याध्यापिका बाईंना भेटून आली. पुढच्या शनिवारी पालकसभा आहे, तेव्हा आणखी एक संधी देतायत. अट एकच. वायरिंग मेहुण्याने करायची. ही अट बाईंनी घातली की हिने, ते विचारलं नाही.
चहा प्यायला बसलो तर टेबलावर माझं तक्रारीचं पत्र होतं आणि त्यावर फ्यूज. टूलबॉक्स आवरताना तळाशी सापडला म्हणे. पत्रासोबत पाठवायला लागेल ना, म्हणून काढून ठेवला, असं म्हणून ही कप धुवायला गेली.
फ्यूज दुकानाच्या पाकिटात आहे. पाकीट अजून फोडलेलं नाही.