उजवं इंजिन

ता. ३ मार्च

चि. धाकट्या कप्तानास,
अनेक आशीर्वाद.

तू दिलेल्या, तुझ्याच विमानाच्या फुकट तिकिटाचा खरा खर्च कळवतो: तीन दिवस कानाला दडे, तुझ्या वहिनीची उडालेली झोप आणि आता जावयाची नोकरी.

धडधडू लागलं ते डावं इंजिन. चाळीस वर्षं मी पंप आवाजावरून दुरुस्त करतोय. पण गप्प झालं उजवं, चांगलं चालणारं! ते पुन्हा सुरू होईतो विमान विहिरीत बादली सोडावी तसं खाली.

काल बेबी रडत आली. तुझ्या रिपोर्टात म्हणे, उजवं इंजिन तिच्या नवऱ्याने, म्हणजे तुझ्या शेजारच्या सहवैमानिकाने, बंद केलं. त्याचं लायसन जाणार. तो मात्र म्हणतो, काकांविरुद्ध बोलणार नाही. हे स्थळ तूच आणलंस ना रे? लग्नात पाहुण्यांना तूच ऐकवत होतास, की इंजिन बंद करायचं तर आधी दोघांनी खात्री करायची, आणि चुकलंच तर मान कप्तानाची. मग पुढे कोणाची केलीस?

लोभ आहे; किती ताणायचा ते तू ठरव.
दादा

ता. ८ मार्च

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

दादा, तुम्हाला पंपांतलं कळतं, विमानातलं नाही. धूर आत आल्यावर होकार मागत बसायला वेळ नसतो. संकटात कप्तानाला नियम मोडायची मुभा असते, तसं पुस्तकातच आहे. माझ्या निवृत्तीला सात महिने उरलेत. तो तरुण आहे, सावरेल. आणि एकशे बारा माणसं सुखरूप आली, कारण विमान मी उतरवलं, ह्या दोन हातांनी! चौकशीवाल्यांनी विचारलं तर झोप लागली होती म्हणा.

धाकट्यावरची माया आटू देऊ नये.
आपला धाकटा

ता. १४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. ते काही परत घेता येत नाहीत.

ती मुभा माणसं वाचवायला असते, कातडी वाचवायला नाही. एवढं पंपवाल्यालाही कळतं.

लहानपणी काच तू फोडायचास, मार मी खायचो. आवडीने खाल्ला. तो आता जावयाच्या ताटात वाढू देणार नाही. चौकशीवाल्यांकडे जाऊन ऐकलं ते सांगितलं, आणि तुझं पत्र ठेवून आलो.

त्यांनी विचारलं, चाकं टेकताना काय ऐकलंत? म्हटलं, स्पीकरवर आमचे बंधू, डोकी खाली, डोकी खाली, थेट टेकेपर्यंत. साहेब मान डोलावून म्हणाले, विमानातल्या रेकॉर्डिंगमध्येही तेच आहे.

वहिनीने तुझी चौकशी केलेली नाही.
दादा

ता. क. तुझ्या हातात माइक होता. विमान जावयाने उतरवलं.