झाकलेली पावलं

३ जून

ती. आत्यास शि. सा. न.

आमच्या संग्रहालयात जुन्या कॅलेंडरांवरच्या बारा सुंदऱ्यांचं प्रदर्शन भरवतो आहोत. प्रत्येक चित्राखाली तुझ्या जुन्या स्टुडिओच्या मालकांचं नाव. तू तिथे रंग घोटायचीस, म्हणून विचारते. बाराही जणींची पावलं झाकलेली आहेत. कुठे कुत्रं, कुठे बादली, कुठे घसरलेला टॉवेल. माहितीपत्रकात मी लिहिलंय, पावलं झाकलेली बाई म्हणजे पळता न येणारी बाई. आमच्या प्रमुख बाईंना हे फार आवडलं. तुला पटतं?

लोभ आहेच, पण पत्र लांब लिही.

तुझी खार

९ जून

चि. खारीस अ. आ.

इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली. अगं, कसलं पळणं! मला पावलं जमत नसत. बोटं काढली की आल्याचे तुकडे दिसत. नाचता येईना अंगण वाकडं, तसं कुत्रं आडवं.

हो, चित्रं माझी. आरशासमोर मीच उभी राहायचे, चेहरा तेवढा दुसरीचा. बाईच्या हातची म्हटलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही म्हणून सही मालकांची. घरी सांगितलं, रंग घोटते. आता कोण विश्वास ठेवणार? उकरू नकोस.

रागावलीस तरी जेवून रागाव.

तुझी आत्या

२० जून

ती. आत्यास शि. सा. न.

उकरलं. प्रमुख बाई म्हणाल्या, घरच्यांच्या शब्दावर नाव बदलत नाही. मग मालकांची, तू तिथे लागण्याआधीची पाच चित्रं शेजारी मांडली. पावलं उघडी, नखंसुद्धा रंगवलेली! तरी ही चित्रं देणारे, मालकांचे चिरंजीव हटेनात.

तेव्हा कोपरं पाहिली. तुझ्या डाव्या कोपरावरचा इस्त्रीचा चट्टा, जो धरून मी लहानपणी झोपायचे, तो बाराही जणींच्या उजव्या कोपरावर आहे. आरसा! दुसऱ्या कुणी तुला समोर बसवून काढलं असतं, तर तो डावीकडेच राहिला असता. तुझा त्या वेळचा फोटो पुढे ठेवला. बाईंनी फोटो एकेका चित्राशेजारी धरून पाहिला. मग त्यांनी स्वतः मालकांच्या नावाची पाटी उतरवली. चिरंजीव म्हणाले, वडिलांची सही मात्र सुरेख होती.

आता बाराही चित्रांखाली तुझं नाव आहे. माझा पळण्याचा परिच्छेद मीच खोडला. उद्घाटनाला ये.

लोभ होताच, आता अभिमानही.

तुझी खार

३० जून

चि. खारीस अ. आ.

येते. चट्टा रंगवला गेला हे मला आज कळलं. दिसलं ते काढलं, झालं.

तेरावं चित्र सोबत आणते, जागा ठेव. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई खुर्चीत बसली आहे, दोन्ही पाय टेबलावर, तळवे बघणाऱ्याकडे. आठवडा गेला, अकरा कागद फाडले. बोटं दहा आहेत, मोजून घे. कुत्रं नाही.

सही माझी.

आत्या