भिंतीवरचा ठिपका

शनिवार, वैशाख. शिरूर अनंतपाळ. दिवेलागणीनंतर.

आज ह्यांच्यावर उगाच ओरडले. शाळेतल्या पोरींना दाखवायला मी काचेच्या बरणीत रेशमी दोऱ्यानं चुंबक टांगलंय, त्याला आरशाचा तुकडा चिकटवलाय. त्यावरून परतणाऱ्या टॉर्चच्या उजेडाचा ठिपका समोरच्या भिंतीवर पडतो. पृथ्वीचं चुंबकत्व हललं की ठिपका सरकतो, हे मीच शिकवते; जवळ लोखंड आलं तरी सरकतो. आणि आज तो पेन्सिलीच्या खुणेपासून बोटभर सरकलेला दिसला, तर मला आधी काय सुचलं? नवऱ्याची मोटारसायकल!

"पुन्हा गाडी भिंतीला लावली ना?"

"अगं, गाडी सकाळपासून गॅरेजात हाय."

मग सासूबाईंच्या लोखंडी खलबत्त्यावर आळ. "मी तिकडं फिरकलेच न्हाई, माय."

नंतर बातम्यांत ऐकलं. सूर्यावर मोठा स्फोट झालाय, त्याचं चुंबकीय वादळ पृथ्वीवर येऊन धडकलंय. म्हणजे माझ्या बरणीपर्यंत! इतक्या लांबून सूर्यानं चुंबक हलवलं, आणि मी खलबत्ता शोधत होते?

मग तिघंही भिंतीसमोर बसलो. बरणीला धक्का नको म्हणून कुणी हलेना. सासूबाई खिडकीबाहेरचा अंधार बघून हळूच म्हणाल्या, "पर दिवस तर कवाच बुडाला की."

ठिपका अजून सरकतच होता.